मोनालीच्या सायकलचं पुढचं चाक

चाक मी बसवलं होतं.

एवढं साधं वाक्य तोंडातून निघायला मला दोन हिवाळे लागले. सायकल माझ्या भाचीची, मोनालीची. पडली ती. मनगट तिचं मोडलं, पुढच्या दाताचा टवका तिचा उडाला, आणि वर बोलणीही तिनंच खाल्ली. ज्यानं ते चाक चुकीचं बसवलं होतं तो मी, देवळीच्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानात बसून लोकांना नट-बोल्ट विकत राहिलो.

मोनाली आता ठीक आहे, हे आधीच सांगून टाकतो. मनगट जुळलं, दातावर टोपी बसली. वाचणाऱ्याला धाकधुकीत ठेवण्याची माझी इच्छा नाही. ती धाकधूक मी स्वतः पुष्कळ भोगली आहे.

यंदा पुन्हा कापूस निघाला आहे. दिवाळी सरली की आमच्याकडच्या रस्त्यांचा रंगच पालटतो. जिनिंगकडे, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याकडे निघालेल्या बंड्या आणि ट्रॉल्या इतक्या फुगलेल्या असतात की मागून पाहिलं तर बैलही दिसत नाहीत आणि ट्रॅक्टरही दिसत नाही; नुसता पांढरा ढीग डुलत डुलत चाललेला दिसतो. रस्त्याकडेच्या बाभळी त्यातला आपला वाटा काढून घेतात, काट्याकाट्याला पुंजके लटकतात. विजेच्या तारांवर, दुकानाच्या शटरच्या पट्ट्यांत, गिऱ्हाइकाच्या भुवईत, चहाच्या कपात, जिथं म्हणून अडकायला जागा मिळेल तिथं कापूस. जिनिंगकडून सरकीचा तेलकट, किंचित गोडसर वास येतो आणि सकाळच्या थंडीत जमिनीलगत बसून राहतो. मागे हा वास आला की मी शटर घाईनं वर ढकलून आत शिरायचो. परवा दुकान उघडताना शटर अर्धं वर करून मी तसाच थांबलो, तो वास छातीभर घेतला, आणि लक्षात आलं की मी नुसता उभा आहे. कुणापासून काही लपवत नाही. वासही तोच होता, रस्ताही तोच; माझंच ओझं उतरलं होतं.

दुकानाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण चूक तिथंच जन्मली. नट, बोल्ट, वायसर, साखळ्या, बिजागऱ्या, पाइपाचे तुकडे, खिळ्यांच्या पेट्या. ग्रीस आणि सुतळीचा मिळून एक वास असतो, तो माझ्या सदऱ्यातून धुऊनही जात नाही. गावात एक बोलणं होतं, अजून आहे: वसंतभाऊनं आवळलेला नट निघत नाही. मोटारीच्या पंपापासून देवळाच्या घंटेपर्यंत लोक मला बोलवून न्यायचे. मी जायचोही. पाना हातात घेतला की माझ्या अंगात येतं, असं माझी बायको सुनंदा म्हणते.

नव्वदच्या दशकात माझी स्वतःची सायकल होती, काळी, जड, दांड्यांच्या ब्रेकची. तिच्यावर मी सिमेंटचे पत्रे सोडून सगळं वाहिलं आहे. तिच्या चाकांना दोन्ही बाजूंनी जाड नट असत. ते एकदा गंजले की चाकाचं आणि सायकलचं लग्नच लागायचं. पंक्चर काढायचं म्हटलं तरी रॉकेलचे थेंब सोडा, हातोडीनं टकटक करा, दोन पाने लावा, देवाचं नाव घ्या. मोनाली लहान असताना शोभाताई, म्हणजे माझी मोठी बहीण, तिला घेऊन वडनेरहून माहेरपणाला यायची. तेव्हा या पोरीला दांडीवरच्या छोट्या सीटवर बसवून मी बाजारभर फिरवायचो. ती सारखी घंटी वाजवायची. रस्ता मोकळा असला तरी वाजवायची. त्या सगळ्या वर्षांत चाक निघू शकतं हा विचारही माझ्या मनाला शिवला नाही. चाक निघत नाही म्हणून मी शिव्या दिल्या आहेत. निघेल म्हणून कधी भ्यालो नाही.

मोनाली अकरावीला शास्त्र शाखेसाठी आमच्याकडे राहायला आली. दोन हजार सातची गोष्ट असेल. तिची सकाळची शिकवणी गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिनिंगच्याही पुढं होती. मी माल आणायला नागपूरला गेलो होतो, तिथं एका दुकानात ती सायकल पाहिली. निळी. पुढच्या चाकाच्या मधोमध ताटलीएवढी चकचकीत, भोकाभोकांची चकती. डिस्क ब्रेक. मोटरसायकलला असतो तो सायकलला. मला वाटलं, माझ्या भाचीच्या हाती देवळीत कुणाकडं नाही अशी वस्तू असावी. मॅटॅडोरमध्ये मालाबरोबर मावावी म्हणून दुकानदारानं पुढचं चाक काढून दिलं. म्हणाला, "भाऊ, बसवतानी एक बार समजून घ्या. हे नटवालं सिस्टिम नाही आहे."

"माझं हार्डवेअरचं दुकान आहे, देवळीला," मी म्हणालो.

हे वाक्य मी आयुष्यात बऱ्याच प्रश्नांना उत्तर म्हणून वापरलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोरच्या ओट्यावर सायकल उलटी करून मी चाक बसवायला घेतलं. चार माणसं पाहायला जमली, ती जमणारच. चाकाच्या मधून एक बारीक सळई आरपार जात होती. तिच्या एका टोकाला छोटा नट, दुसऱ्या टोकाला बोटभर लांब दांडी. सायकलचा पुढचा फोर्क, म्हणजे चाकाला दोन्हीकडून धरणारे ते दोन पाय, त्यांच्या टोकांना खाचा होत्या. त्या खाचांत चाक काही केल्या जाईना. पाहिलं तर खाचांच्या कडेला धातूचे बारीक ओठ उठलेले. मला वाटलं, ओतकामात राहिलेला फालतू धातू आहे. साफ करायचा विसरले. मी दुकानातून बारीक कानस आणली आणि दोन्ही ओठ घासून सपाट केले.

"काहो, नव्या सायकलीले काऊन घासून राह्यले?" सुनंदानं दारातून विचारलं.

"आजकाल कंपनीवाले फिनिशिंगच करत नाई. तुले काय समजते त्यातलं."

"मले नाई समजत. पण सायकल नवी आहे येवढं तं दिसते."

जमलेले हसले. मीही हसलो. चाक आता खाचेत अलगद गेलं. मग मी ती दांडी धरली आणि दोन पंखांचा, बोटांनी फिरवायचा नट असतो ना, तशी फिरवत गेलो. फिरवता येईल तितकी फिरवली, शेवटी जोर लावून एक पीळ दिला. दांडी बाहेरच्या बाजूला पाखराच्या चोचीसारखी उभी राहिली. चाक गरकन फिरवून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. जो फिरतो तो नट, आणि नट आवळला की काम झालं. माझी सगळी विद्या एवढीच होती आणि ती तोवर कधी खोटी ठरली नव्हती.

ती दांडी फिरवायची नसते. दुसऱ्या बाजूचा नट बोटांनी बेतानं आवळायचा आणि दांडी तळहातानं दाबून उलटी मिटवायची, कपाटाची कडी मिटवतो तशी. मिटताना तळहातावर वळ उठला पाहिजे, तर ती खरी मिटली. आणि ते ओठ? दांडी चुकून सैल राहिलीच, तर चाक एकदम निसटू नये म्हणून ठेवलेला तो शेवटचा आडोसा होता. जुन्या सायकलवर माझी चूक कदाचित कधी उघडी पडली नसती. तिथं ब्रेकचे रबर चाकाच्या कडेला वरून धरतात. डिस्कचा ब्रेक मात्र चाकाला खाली, मध्याजवळ, फोर्कच्या टोकाशीच पकडतो. फिरतं चाक तिथं अडलं की त्याचा सगळा जोर मधल्या सळईला खाचेतून बाहेर लोटू पाहतो. दांडी मिटलेली असली तर हा जोर चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही. हे सगळं मी आज किती शहाण्यासारखं लिहितो आहे!

पण ते दिवस, ते थोडे दिवस, फार सुंदर होते, आणि त्यांच्यावर माझ्या चुकीची सावली पाडायचं मी आता सोडून दिलं आहे. पहाटे ओट्यावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या काड्यांची शेकोटी. मोनाली कानाला मफलर गुंडाळून, तोंडातून वाफ काढत सायकल बाहेर काढायची. परत येताना तिच्या वेणीत कापूस असायचा, चाकाच्या तारांत कापूस असायचा. चहाच्या टपरीवरच्या पोरांपैकी एकानं एकदा विचारलं, "काय वं, सायकलीले ताटली काऊन लावली?" ही न थांबता म्हणाली, "तुह्या जेवासाठी!" टपरी दिवसभर त्याला जेवायला बोलावत होती. उतारावरून आली की ती सायकल ओट्याला टेकवायची आणि ओलं बोट चकतीला लावून पाहायची. छन् आवाज यायचा. "बोट भाजंल वं," सुनंदा आतून ओरडायची. मी पोरीला सांगायचो, "दाब ब्रेक खच्चून. काई होत नाई. अशी सायकल जिल्ह्यात नसंल."

दाब खच्चून. हे माझे शब्द. पुढं काय झालं ते ऐकताना हे लक्षात असू द्यावं.

ती पडली त्या दिवशी सकाळी धुकं होतं आणि जिनिंगबाहेर बंड्यांची रांग लागली होती. शिकवणीहून परतताना रांगेतला एक बैल बिथरून आडवा आला. मोनालीनं ब्रेक दाबला. सायकल थांबली नाही आणि चाकही थांबलं नाही. चाक फोर्कमधून निसटून आपल्या वाटेनं गेलं, आणि फोर्कची टोकं डांबरात रुतून पोरगी हँडलवरून पुढं फेकली गेली. दुकानात सांगावा आला तसा मी चपला न घालता धावलो. रस्त्याच्या कडेला ती बसली होती, एका हातानं दुसरं मनगट धरून. हनुवटीवर रक्त. तिच्या मागं, हात पुरेल इतक्या अंतरावर, कापसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर थांबलेला. त्याच्या स्टिअरिंगवर डोकं टेकवून ड्रायव्हर बसला होता, पाय अजून ब्रेकवरच दाबलेला. त्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही. त्यानं ट्रॅक्टर आवरला म्हणून हा लेख मी लिहू शकतो आहे. माझ्या उरलेल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी सुटका त्या अनोळखी माणसाच्या पायाखाली घडली.

पोरगी शुद्धीवर आहे, बोलते आहे, हे कळल्यावर बंडीवाल्यांना कंठ फुटला. चाक एका बंडीखाली जाऊन आडवं पडलं होतं.

"पाह्यलं का, चाक एकलंच निघालं बाजाराले!"

"आमच्या बंडीचं चाक बापजन्मात निघालं नाई, अन् ही नवी सायकल!"

मग त्यांच्यातला एक ओळखीचा म्हणाला, "वसंतभाऊ, तुमच्याच घरची सायकल ना? नट कोणाच्या दुकानचा होता?"

हसू पसरलं. माणसं चांगली होती, टोमणाही वाईट नव्हता. पण सगळ्यांचे डोळे माझ्याकडं वळले आणि मी, भाचीच्या हनुवटीचं रक्त हातरुमालानं पुसता पुसता, म्हणालो, "नट-गिट काई नाई. पोरीनं पुढचा ब्रेक एकदम दाबला. मी तिले सांगतलं होतं, हलक्या हातानं दाबत जाय म्हणून."

मोनालीनं माझ्याकडं पाहिलं. मी असं कधीच सांगितलं नव्हतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं. तिचा ओठ सुजला होता. पण सुजला नसता तरी ती बोलली नसती.

त्या क्षणी चूक नेमकी काय झाली हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच माझ्या बाजूनं म्हणता येईल. पण ज्याला काही ठाऊक नाही त्यानं गप्प बसावं. मी गप्प बसलो नाही, आणि दुपारी शोभाताई वडनेरहून बसनं आली तेव्हा तेच वाक्य पुन्हा म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणताना ते जास्त सोपं गेलं.

"मामानं सांगतलं होतं ना तुले?" ताई लेकीला म्हणाली. तिचे डोळे रडून लाल झाले होते आणि जीभ चालूच होती. "मंग कानात कापूस घातलता काय? हाताले काई अंदाज आहे का नाई तुह्या?"

प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन मोनाली त्या हाताकडं पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाक पुन्हा बसवून सायकल गोदामात ठेवायला घेतली. ती उभी दांडी सदऱ्यात अडकू लागली म्हणून मी तळहातानं सहज आत दाबली. ती वळली. खट् असा आवाज होऊन मिटली, आणि चाक असं घट्ट झालं की सगळी सायकल उचलून आपटली तरी हलू नये. तळहातावर वळ उठला होता. मी दांडी उघडली, मिटवली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटवली. मग बोटं आपोआप खाचेच्या कडेला गेली. जिथं कानस फिरवली होती तिथं धातू उघडा, पांढरा, आरशासारखा होता. मला नागपूरच्या दुकानदाराचे शब्द आठवले. मी आजूबाजूला पाहिलं, कुणी बघत तर नाही ना. आणि सायकल पत्र्यांच्या मागं, अगदी भिंतीला लावून ठेवली.

मी का बोललो नाही, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला. गिऱ्हाईक जाईल ही भीती नव्हती. देवळीत दुसरं हार्डवेअर असलं तरी माझी गिऱ्हाइकं पक्की होती. ताई रागावेल? ती नेहमीच रागावते. मला वाटतं, मला माझ्या हातांबद्दल जे वाटत होतं ते जपायचं होतं. माझे हात चुकत नाहीत. मग चुकलं कुणाचं? तर त्या मुलीच्या हातांचं. दोघांपैकी एकाचे हात वाईट ठरणार होते आणि मी माझे वाचवले. हे असं सरळ लिहिलं की किती लहान दिसतं! पण तेव्हा ते लहान दिसत नव्हतं, दिसतच नव्हतं.

प्लास्टर निघेपर्यंत म्हणून ताईनं तिला वडनेरला नेलं, आणि नंतर परत पाठवलंच नाही. तिथूनच ती बसनं हिंगणघाटला कॉलेजात जाऊ लागली. उन्हाळ्यात एका दुपारी मी सुनंदाला सगळं सांगितलं. ती गहू निवडत होती. ऐकून घेतलं, सुपातला खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "मंग आता?"

"पाहू," मी म्हणालो.

ते पाहू पुढची दिवाळी येईपर्यंत चाललं.

भाऊबीजेला आम्ही वडनेरला गेलो. ओसरीवर नव्या कापसाचा ढीग, अंगणात झेंडू, आत करंज्यांचा वास. मोनाली हसली की तोंडावर हात धरते, हे मी तेव्हा पाहिलं. दाताचा टवका झाकायला. आणि बोलता बोलता ताईनं सांगितलं की पोरीच्या मनात बारावीनंतर नर्सिंग होतं, पण आता ती नाही म्हणते. आर्ट्‌सला जाईन म्हणते.

"काऊन वं?" सुनंदानं विचारलं.

"माह्या हाताले अंदाजच नाई, मामी," मोनाली म्हणाली. दुखून नाही, रडून नाही. आपली उंची किंवा रंग सांगावा तसं म्हणाली. "दुसऱ्याच्या अंगाले सुई टोचायचं काम. माह्याच्यानं नाई होणार. प्रॅक्टिकलले बी हात थरथरते माहा."

"सायकलीवर पाह्यलंच ना आपण," ताई म्हणाली. "देवानं बुद्धी देली, हात नाई देले."

माझ्या हातातली करंजी तशीच राहिली.

आमच्याकडं भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसतं; मामानं भाचीच्या पडायचं. ती पाळण्यातली असो की लग्नाची. निघताना मी दरवर्षीप्रमाणे वाकलो. तिच्या पावलांवर कपाळ टेकवलं आणि वर उठायचं विसरलो. मनातल्या मनात सगळं बोललो: चाक, कानस, ते खोटं, सगळं. डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्या रिवाजात मी इतकं मन कधी घातलं नव्हतं.

"मामाजी, काई हरवलं का खाली?" वरून मोनालीचा आवाज आला. सगळे हसले. मी उठलो, डोळे पुसले, आणि खरं सांगतो, मला वाटलं, झालं. मागितली माफी. बसमध्ये बसल्यावर मला गाढ झोप लागली, फार दिवसांनी.

पुलगावचा फाटा आला तेव्हा सुनंदानं जागं केलं. मी तिला म्हणालो, "आज मी पोरीची माफी मागतली. पाया पडलो तवा."

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "पाया तं तुम्ही दरसाली पडता. तिले कसं कळंल का यंदा काऊन पडले?"

ज्या रिवाजात मामानं वाकायचंच असतं, त्यात वाकून मी काय नवं केलं होतं? मी माझी माफी अशा जागी ठेवून आलो होतो जिथं ती कुणालाच दिसणार नव्हती. आणि तिकडं वडनेरला ती मुलगी आपले दोन्ही चांगले हात वाईट समजून बसली होती.

तरी मी लगेच गेलो नाही. आधी नागपूरला जाऊन नवा फोर्क घेतला, तोच दुकानदार होता, त्याच्यासमोर उभं राहून चाक कसं बसवायचं ते शिकलो, तळहातावर वळ उठवून घेतला. तो म्हणाला, "एकदम बरोबर, भाऊ." शाळेत पाठ थोपटल्यासारखं वाटलं. पण जुना फोर्क काढताना जाणवलं की ही तयारीही एक पळवाटच आहे. सायकल दुरुस्त करणं मला येतं. म्हणून मी तेच करत बसलो होतो.

तुरी भरल्या तेव्हा, एका रविवारी, आम्ही दोघं वडनेरला गेलो. ताई आणि मोनाली ओसरीवर उन्हाला बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात होत्या. मिठाच्या पाण्याचा वास, सालपटांचा ढीग. मी बसलो आणि पिशवीतून तो जुना फोर्क काढून समोर ठेवला.

"हे काय आणलं?" ताई म्हणाली. "भंगार घेतो काय आम्ही?"

"ताई, थांब जरा. मले बोलू दे. मधात बोलू नको."

ती थांबली. असं मी तिला कधी म्हटलं नव्हतं.

मी सांगितलं. कुठं ओठ होते, ते का असतात, मी ते कसे घासले. दांडी मिटवायची असते आणि मी ती फिरवली. आणि मग सगळ्यात अवघड: की हलक्या हातानं दाब असं मी कधी सांगितलं नव्हतं, खच्चून दाब असं सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून मला सगळं माहीत होतं.

"वसंता," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "साल झालं वर! माह्या तोंडून माह्याच पोरीले बोलणे खाऊ घातले तू. मी तिले काय काय बोलली, तुले माहीत आहे काय रे?"

"माहीत आहे."

"नाई माहीत तुले!"

ती आणखी बोलली असती. बोलायचा तिला हक्क होता. पण मोनालीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग तो फोर्क उचलून उन्हात धरला. घासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. मी तिच्या चेहऱ्याकडं पाहायची हिंमत करत नव्हतो. ती रागावेल, रडेल, उठून आत जाईल, या सगळ्याची मी तयारी केली होती. तिनं जे विचारलं त्याची केली नव्हती.

"म्हंजे मामाजी," ती हळू म्हणाली, "ब्रेक मी बरोबर दाबलता?"

"बरोबर दाबलता, बाई. जसा दाबायले पाह्यजे तसाच दाबलता. तुह्या हाताची काईच चूक नव्हती, तेव्हाही नाई अन् आताही नाई. चाक मी बसवलं होतं. चुकलो मी, खोटं बोललो मी, अन् वरून गप्प राह्यलो. मले माफ कर, मोना."